अण्णांसाठी पाहिलेला स्पेन

स्पेन बघायला आम्ही स्पेनला गेलोच नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तिकिटं केवढ्याला पडली आणि हॉटेल कुठलं घेतलं, हे विचारायला मैत्रिणींचे फोन सुरू होतील. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही राहतो त्या शॅननहून निघून आयर्लंडमध्येच फिरलो, आणि तरीही स्पेन पाहिला. विश्वास नसेल तर माझ्या सासूबाईंना विचारा. त्या कोणाला उगाच मार्क देत नाहीत.

सासूबाई, म्हणजे आई, फेब्रुवारीत नागपूरहून आमच्याकडे आल्या. मागोमाग मे महिन्यात त्यांचे थोरले भाऊ अण्णा येणार होते, आणि मग आम्ही सगळे मिळून स्पेनला जाणार होतो. बेत मुळात अण्णांचा. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी जन्मभर कालवे, मोऱ्या आणि पूल काढले, आणि त्यांच्या खोलीत जन्मभर एकच कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर स्पेनमधल्या कुठल्याशा जुन्या मशिदीच्या लाल-पांढऱ्या कमानी होत्या. वर्षं बदलली, कॅलेंडर बदललं नाही. "एकदा या कमानींखाली उभं राहून वर पाहायचं आहे," एवढंच ते म्हणायचे. दुसरा नाद म्हणजे वडे. पान वाढून व्हायच्या आत त्यांचा हात वड्यावर पडलेला असायचा, आणि आई त्या हातावर चापटी मारायच्या. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, पण जेवायला बसली की दोघंही सात-आठ वर्षांची व्हायची.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये जग बंद झालं. अण्णांचं येणं राहिलं, स्पेनचा व्हिसा देणारं ऑफिस बंद पडलं, आणि जूनमध्ये अण्णा झोपेतच गेले.

दहावा आम्ही फोनवर पाहिला. घाटावर अण्णांचा मुलगा सुहास, गुरुजी आणि आणखी दोघंतिघं, बास. पिंड ठेवला, शेजारी वडाही ठेवला, पण कावळा शिवेना. सुहासनं सांगून पाहिलं, घराचं नीट करीन, तुमच्यामागे आईला अंतर देणार नाही. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. इकडे आमच्या स्वयंपाकघरात आई अचानक फोनवर ओणवल्या आणि ओरडल्या, "अण्णा, तुझा स्पेन मी पाहीन रे! तुझ्यासाठी पाहीन!" तिकडे कोणी मानसुद्धा वळवली नाही. कुकरची शिट्टी घाटावर ऐकू जाऊ नये म्हणून मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आमच्या बाजूचा आवाज बंद ठेवला होता. त्यानं धावत येऊन बटण दाबलं तोवर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावून टाकला होता. ऊन चढलं होतं, त्यांनाही पुढचे दोन दहावे उरकायचे होते.

"वड्यासाठी जीव टाकणारा माणूस," आई त्या दिवशी म्हणाल्या, "आणि वड्याला शिवला नाही. स्पेनच राहिला त्याचा. आणि माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही."

मी पुण्याची. कावळा शिवणं न शिवणं हा पक्ष्याच्या भुकेचा प्रश्न आहे, असं माझं मत. पण समोर ते बाईमाणूस वाळत चाललं होतं. भारतात जाणारी खास विमानं सुटायला लागली. मिलिंद दर वेळी विचारायचा, "आई, नाव घालू का?" दर वेळी एकच उत्तर यायचं, "थांब ना बाप्पा, आधी स्पेन होऊ दे." स्पेनशिवाय त्या अण्णा नसलेल्या नागपुरात पाऊल ठेवणार नव्हत्या. एकीकडे माझ्या मीटिंगा, त्याच टेबलावर आमच्या लेकीची, ईराची, ऑनलाइन शाळा, आणि फोडणीवरून रोज दोन प्रांतांची लढाई. खरं सांगते, मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, बऱ्याचदा एकाच वेळी.

शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, "स्पेनला जाता येत नाही ना? मग स्पेन इथे कुठे सांडलाय का ते बघू."

डब्लिन

जुलैत संग्रहालयं उघडली आणि आम्ही आधी डब्लिन गाठलं. तिथल्या मोठ्या चित्रसंग्रहालयात स्पॅनिश चित्रं आहेत, एवढीच माझी माहिती. तोंडाला मास्क, जमिनीवर बाण, आणि दालनात आम्ही चौघं सोडून जेमतेम चार टाळकी. एरवी अशा ठिकाणी आपण चित्रं बघतो की माणसांच्या पाठी, हा प्रश्नच असतो. त्या वर्षी चित्रंच आपली वाट बघत बसल्यासारखी होती.

संत होते, राजघराण्यातल्या बायका होत्या, काळ्याशार पार्श्वभूमीतून एकदम पुढे येणारे चेहरे होते. काळ्या रंगात इतकं काही दिसू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी आणि मिलिंद अगदी मनापासून माना डोलवत होतो. आई मात्र परीक्षकासारख्या हात मागे बांधून पुढे पुढे चालल्या होत्या, आणि एका लहानशा चित्रापुढे थांबल्या त्या थांबल्याच.

चित्र स्वयंपाकघराचं. सावळी, डोक्याला पांढरं फडकं बांधलेली एक मोलकरीण ओट्यामागे उभी आहे. हात सुरईवर. पुढ्यात पालथी घातलेली भांडी, लसूण, पितळी खलबत्ता. एका मोठ्या चित्रकारानं ते ऐन विशीत काढलं आहे म्हणे. विशीत मला खलबत्ता धड वापरताही येत नव्हता. त्या पितळेवर पडलेला उजेड पाहून मला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं.

"ही काही करून नाही राहिली," आई म्हणाल्या. "ही ऐकून राहिली आहे."

खरंच. तिची मान किंचित कलली होती. मग मागच्या भिंतीतली खिडकी दिसली. तिच्यातून पलीकडची खोली दिसते, आणि तिथे येशू जेवायला बसला आहे. शेजारची पाटी मी मराठीत सांगितली. येशू गेला म्हणून शिष्य दुःखात होते, वाटेत भेटलेल्या एका वाटसरूला त्यांनी जेवायला बोलावलं, आणि पानावर बसल्यावर कळलं की हा तोच.

आई त्या खिडकीकडे वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गेलेला माणूस जेवायला आला आहे, आणि सगळ्यांआधी स्वयंपाकघरातल्या बाईला कळलं."

मी या चित्राबद्दल नंतर बरंच वाचलं. याहून चांगलं कोणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

बाहेर पडल्यावर बागेत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. मी हळूच विचारलं, "झाला का स्पेन?" आई म्हणाल्या, "चित्र झालं. अण्णाला कमान पाहिजे होती."

गॉलवे

कमान म्हटल्यावर गॉलवे. शॅननहून तासाभराचा रस्ता, आणि तिथे नदीकाठी नावानिशी 'स्पॅनिश आर्च' उभी आहे. मी गाडीतच भाषण ठोकून मोकळी झाले की आता अस्सल स्पॅनिश वास्तुकला बघायला मिळणार. मिलिंद आरशातून माझ्याकडे बघत होता, पण मी लक्ष दिलं नाही.

कमान दिसली. करड्या दगडांची, ठेंगणी, भक्कम, नक्षी औषधालाही नाही. पलीकडे नदी धावत समुद्राला मिळत होती, पाण्यात हंस होते, गवतावर पोरं-पोरी ऊन खात पडली होती. बाकावर एक आजोबा थर्मासातला चहा पीत बसले होते. मी मोठ्या उत्साहानं विचारलं की स्पॅनिश लोकांनी ही कधी बांधली. ते इतके हसले की चहा सांडला.

"स्पॅनिश लोकांनी? अजिबात नाही, लव्ह. बांधली आमच्याच माणसांनी, गावाच्या तटाला जोडून. स्पेनची गलबतं इथे धक्क्याला लागायची, वाइन घेऊन. पिण्याची आठवण आम्ही विसरत नाही, म्हणून नाव राहिलं."

ईरानं तोंड दाबून घेतलं. आमची लेक दहा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश पोरीसारखं इंग्रजीत देते. "सो इट्स अ फेक, मम्मा?"

माझं तोंड चिमणीएवढं झालं. आईंकडे बघायची हिंमत होईना. तर त्या कमानीखाली जाऊन उभ्या. मान वर करून बघत होत्या, एक हात दगडावर.

"ये इकडे, ईरा," त्यांनी बोलावलं. "हे बघ. अण्णा म्हणायचा, कमानीतला प्रत्येक दगड पडायलाच निघालेला असतो. पण शेजारचाही पडायलाच निघालेला असतो. मग दोघं एकमेकांना अडतात, आणि वरून बैलगाडी गेली तरी हलत नाहीत."

"दॅट्स ब्रिल्यंट, आजी."

"आमचे आईबाप लवकर गेले ना. तेव्हा मी आणि अण्णा असेच उभे होतो." मग दगडावरचा हात काढून घेत म्हणाल्या, "आता एकच दगड राहिला."

ईरानं आजीच्या दंडाला मिठी मारली. मी आणि मिलिंद नदीकडे बघत राहिलो. तसं त्या आयरिश कमानीनं स्पॅनिश कमानीचं काम केलं होतं, पण आई काही पास म्हणाल्या नाहीत.

गावातल्या गल्ल्या मात्र बघाव्यात अशा. जुन्या व्यापाऱ्यांच्या दगडी घरांवर कोरीव खिडक्या, घराण्यांच्या ढाली, पावसाचं पाणी ओकणारी चित्रविचित्र जनावरं. या व्यापाऱ्यांचं स्पेनशी जाणंयेणं होतं, आणि श्रीमंती आली की माणूस शेजाऱ्याचं बघून घर सजवतो, हे सगळीकडे सारखंच. चर्चजवळ शनिवारचा बाजार भरला होता. तिथे तळणीचा वास आला आणि आई वासामागे गेल्या.

एक स्पॅनिश बाई चुरोज तळत होती. मार्ता तिचं नाव. कढईवर यंत्र धरून ती पिठाची लांब लांब कांडकी सोडत होती, तळून झाली की साखरेत घोळवत होती.

"अगं मीनल, ही तं गोड चकली आहे! हिला विचार, सोऱ्या कोणता वापरते."

मी विचारलं. मार्तानं यंत्राचं तोंड काढून दाखवलं. आत चांदणीची चकती, हुबेहूब आपली. आईंनी विचारलं की चांदणीच का, गोल भोक का नाही. मार्तानं फट्‌ असा आवाज करून दोन्ही हात हवेत उडवले. गोल कांडकं आत वाफ कोंडून तेलात फुटतं. आईंनी जोरात मान हलवली, हेच त्यांनी मला मागच्या दिवाळीत फोनवरून सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. मग दोघींमध्ये जे काही चाललं, त्यात मी दुभाषी म्हणून जवळजवळ बिनकामाची होते.

मार्ताची आई स्पेनमधल्या खेड्यात एकटी होती, ती वर्षभर भेटली नव्हती. आईंनी अण्णांचं सांगितलं. मार्तानं झारा खाली ठेवला. म्हणाली, आमच्याकडे नोव्हेंबरात, गेलेल्या माणसांच्या दिवसांत, घरोघर गोड भजी तळतात. जुनी बायामाणसं म्हणतात, एक खाल्लं की एक आत्मा सुटतो.

मी हे मराठीत सांगितलं आणि आईंचे डोळे भरले. "म्हणजे यांच्याकडेही पितर आहेत," त्या म्हणाल्या. "यांच्याकडेही तळतात."

निघताना मार्तानं आणखी एक सांगितलं. "तुम्ही शॅननला, म्हणजे क्लेअर जिल्ह्यात राहता ना? तुमच्याच किनाऱ्यावर आमची माणसं आहेत. स्पॅनिश पॉइंटला. मी वर्षातून एकदा जाऊन येते."

स्पॅनिश पॉइंट

आम्ही त्या किनाऱ्यावर आइस्क्रीम खायला दहादा तरी गेलो असू. नावाचा अर्थ विचारावा असं कधी डोक्यात आलं नव्हतं. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी स्पेनच्या राजानं इंग्लंडवर मोठं आरमार पाठवलं. ते हरलं, आयर्लंडला वळसा घालून घरी निघालं, आणि सप्टेंबरच्या वादळांत या किनाऱ्यावर फुटलं. बरेच बुडाले. पोहत काठाला लागले त्यांना तेव्हाच्या इंग्रजी अंमलानं मारून टाकलं, आणि सगळ्यांना जवळच पुरलं.

हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "सर्वपित्रीला जाऊ," म्हणाल्या. "ज्यांचं कोणी नाही त्यांचंही त्या दिवशी असतं."

सर्वपित्री सप्टेंबरात आली. आम्ही दोघांनी रजा टाकली, ईराला अर्ध्या शाळेतून काढलं. आई पहाटेपासून स्वयंपाकाला लागल्या होत्या. तांदळाची खीर, कढी, कारल्याची भाजी, आणि उडदाचे वडे. केळीचं पान मिळेना, तर शेजाऱ्यांच्या परसातलं रुबार्बचं मोठं पान तोडायला निघाल्या. ईरा किंचाळली, "आजी, नो! इट्स पॉइझनस!" कावळ्याला बोलावून विष घालायचं पाप टळलं. मग स्टीलचं ताट घेतलं.

कावळ्यांचा प्रश्न होताच. आमच्या घरामागच्या झाडांवरच्या कावळ्यांना आईंनी कधीच नापास केलं होतं. त्यांच्या चोचीचं बूड पांढरं. "हे कावळे नाहीत, पावडर लावलेले कोणी आहेत," असं त्यांचं म्हणणं.

वाटेत एनिसच्या लहानशा संग्रहालयात थांबलो. त्या आरमारातल्या जहाजाचं म्हणून सांगतात असं एक टेबल तिथे आहे. काळपट लाकूड, खाली सिंह कोरलेले. इतक्या लाटा, इतकं मरण बघून आलेलं लाकूड, आणि सिंहाची आयाळ अजून केस न् केस दिसते. कोणा सुताराचा हात होता देव जाणे. मी हरखून गेले. आई सिंहाकडे वाकून एवढंच म्हणाल्या, "हा तं पोचला."

स्पॅनिश पॉइंटला वारा असा की गाडीचं दार उघडेना. खाली लांबच लांब वाळू, काळे खडक, पांढऱ्या लाटा, आणि त्या लाटांवर रबरी सूट घालून खेळणारी दोन-चार वेडी माणसं. वर त्या खलाशांच्या आठवणीचा दगड आहे. कुत्रा फिरवणाऱ्या एक आजी दुरूनच थांबल्या. आम्ही कशाला आलो ते मिलिंदनं सांगितलं. साडीवर जाड कोट घातलेल्या आईंकडे त्यांनी पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. "बिचारी पोरं ती. घरी कोणाला कळवायलाही कोणी राहिलं नाही. तुम्ही त्यांना जेवायला आणलंत, दॅट्स ग्रँड. दॅट्स ओन्ली ग्रँड."

आई दगडापाशी उभ्या राहिल्या. समुद्राकडे तोंड करून, पदर कोटाखाली दाबून धरत. मी जवळ होते, म्हणून ऐकू आलं.

"माझ्या अण्णाला निदान दर्भाचा कावळा तरी मिळाला," त्या म्हणाल्या. "या लेकरांना तेही नाही. आणि मी रडून राहिले."

मग त्या मला म्हणाल्या, "ताट आण. आधी यांचं वाढू. मग मी अण्णाला सांगते. पूर्ण सांगायचं आहे मला त्याला. चित्राचं, कमानीचं, त्या चकलीवालीचं. या वेळी नीट ऐकू जाईल असं."

महिनाभर त्या हे बोलणं मनात घोळवत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मी आणि मिलिंद गाडीकडे वळलो. डिकी उघडी होती. ताट मांडून ठेवलं होतं, वड्यांचा डबा नुकताच उघडला होता, आणि ईरा डबा धरून उभी होती ती एकदम ओरडली.

डिकीच्या कडेवर एक कावळा बसला होता. लहानसा, तुकतुकीत, मान राखाडी, डोळे फिकट. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. त्यानं मान तिरकी करून एकदा आमच्याकडे पाहिलं, ताटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ डब्यात चोच घातली आणि सगळ्यांत मोठा वडा उचलला. जड होता, एकदा सुटला. परत उचलला आणि वाऱ्यात हेलकावत थेट त्या दगडावरून समुद्राच्या बाजूला गेला.

"आजी, दॅट वॉज अ जॅकडॉ," ईरा म्हणाली. "नॉट अ रिअल..." आणि गप्प बसली, शहाणी पोर.

आईंचा हात वर उठलेला तसाच होता. चापटी मारायला उठतो तसा.

"अरे, पान वाढून तं होऊ दे!" त्या ओरडल्या. आणि मग हसायला लागल्या. जूनपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिथेच डिकीच्या कडेवर बसल्या आणि रडायला लागल्या, मोठ्यानं, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मिलिंद त्यांच्या शेजारी बसला. मी पुण्याची, पक्ष्याच्या भुकेवर माझी ठाम मतं, पण त्या वेळी ती मी बाजूला ठेवली. मी नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"पण मी काही बोललेच नाही अजून त्याला," थोड्या वेळानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच मान हलवली. "म्हणजे तेव्हाच, दहाव्यालाच, ऐकलं होतं त्यानं."

आम्ही त्या पोरांसाठी दगडापाशी ताट वाढलं. खीर, कढी, कारलं, उरलेले वडे. आईंनी भोवती पाणी फिरवलं आणि कोणाचंच नाव माहीत नसल्यामुळे 'बाळांनो' म्हणून हाक मारली. मग आम्ही गाडीत बसून, काचांवर मिठाचं पाणी उडत असताना, जेवलो. आईंनी खीर दोनदा घेतली.

परतीच्या वाटेला लागलो. एनिस मागे पडलं तशा आई पुढच्या सीटकडे सरकल्या आणि मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिलिंदा," त्या म्हणाल्या, "आता माझं नागपूरचं तिकीट काढ."